उन्हाळ्यातला अयनदिन आणि युरोपचं मिडसमर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जून लागला की अयनदिनाबद्दल, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाबद्दल, आणि त्या सुमाराच्या मिडसमर या युरोपीय सणाबद्दल प्रश्न यायला लागतात. काही जण खगोलाच्या अंगाने विचारतात, काही जण युरोपातल्या शेकोट्यांचे आणि फुलांच्या मुकुटांचे फोटो बघून. स्टॉकहोम-हेलसिंकीकडे नोकरीला गेलेल्यांचे प्रश्न तर अगदी कामापुरते असतात: त्या दिवशी दुकानं उघडी असतात का? सगळी उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. सूर्याचं गणित पक्कं आहे, पण त्याभोवतीच्या रूढींपैकी कुठली दीड हजार वर्षांची आणि कुठली पणजोबांच्या काळातली, हे दर वेळी वेगळं तपासावं लागतं. "प्राचीन पेगन परंपरा" हा शिक्का (पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचं, मूर्तिपूजकांचं) इंटरनेटवर फार सढळ हाताने मारला जातो.

अयनदिनाला नेमकं होतं काय?

पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. जूनमध्ये उत्तर ध्रुवाची बाजू सूर्याकडे जास्तीत जास्त झुकते आणि सूर्य कर्कवृत्तावर बरोबर डोक्यावर येतो. तिथून तो पुन्हा दक्षिणेकडे सरकू लागतो. खरं तर हा दिवस नसून एक क्षण आहे. २०२५ मध्ये तो भारतीय वेळेप्रमाणे २१ जूनच्या सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी आला. २०२६ मध्ये २१ जूनलाच, दुपारी दोनच्या थोडा आधी. सौर वर्ष ३६५ दिवस आणि वर जवळजवळ सहा तासांचं असल्यामुळे हा क्षण दरवर्षी तितका पुढे जातो आणि लीप वर्ष त्याला मागे खेचतं. म्हणून तारीख २०, २१ किंवा क्वचित २२ जून. २०२४ मध्ये आपल्याकडे २१ जूनची पहाट होती, तेव्हा युरोपात २० जूनची रात्र चालू होती. दोघांच्याही तारखा बरोबरच.

या सुमारास सूर्योदयाची क्षितिजावरची जागा काही दिवस जवळजवळ हलतच नाही आणि दिवसाची लांबी रोज सेकंदांनीच बदलते. नुसत्या डोळ्यांनी नेमका दिवस पकडणं म्हणूनच अवघड. सण २० ते २६ जूनमध्ये कुठेही बसलेला दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग पंचांगात दक्षिणायन १६ जुलैच्या आसपास कसं?

कारण मोजायच्या पद्धती दोन आहेत. सायन पद्धत ऋतूंना धरून चालते, त्यामुळे तिच्यात दक्षिणायन २१ जूनलाच सुरू होतं. निरयन पद्धत ताऱ्यांना धरून चालते. तिच्यात सूर्य कर्क राशीत जातो तो जुलैच्या मध्यावर. पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू फिरत असल्याने दोन्हींमध्ये आता चोवीस अंशांच्या आसपास अंतर पडलं आहे. मकर संक्रांतीचंही तेच. आपण १४ जानेवारीला तिळगूळ वाटतो, पण सूर्य उत्तरेकडे वळून तोवर तीन आठवड्यांहून जास्त दिवस झालेले असतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत.

२१ जूनला मुंबई-पुण्यात सूर्य डोक्यावर असतो ना?

नाही. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्या डोक्यावरून सूर्य वर्षातून दोनदा जातो. मुंबई-पुण्यात तो मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात. त्याच दिवसांना आपण शून्य सावलीचे दिवस म्हणतो. २१ जूनला तो आपल्याला ओलांडून उत्तरेला गेलेला असतो. त्या दिवशी मुंबईत दुपारी बारा चाळीसच्या सुमारास मीटरभर उंचीची काठी सरळ उभी केली, तर साडेसात सेंटिमीटरांच्या आसपास सावली पडते आणि ती दक्षिणेला पडते. वर्षभर उत्तरेकडे पडणारी दुपारची सावली अशी उलटी पडलेली मुलांना जरूर दाखवा. ढगांनी तेवढी पाच मिनिटं उघडीप द्यायला हवी, इतकंच.

सर्वांत मोठा दिवस, मग सर्वांत जास्त उकाडा का नाही?

जमीन आणि समुद्र तापायला वेळ घेतात, म्हणून स्वीडनसारख्या देशात उष्मा जुलैत वाढतो. आपल्याकडे मात्र मेमध्येच कळस होतो, कारण जूनमध्ये पाऊस येऊन सगळं थंड करतो. सूर्यापासूनच्या अंतराचा यात काही संबंध नाही. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

आपल्याकडे या दिवसाचा मोठा सण का नाही?

मला वाटतं, उत्तर घड्याळातच आहे. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. सव्वादोन तासांच्या फरकासाठी कोण रात्र जागवेल? स्टॉकहोममध्ये हाच फरक साडेअठरा तास विरुद्ध सहा तास असा आहे, आणि फिनलंडमधल्या रोवानिएमीला तर जूनच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाभर सूर्य मावळतच नाही. सहा महिने अंधारात काढलेल्या माणसाला उजेडाचं जे अप्रूप असतं, ते आपल्याला पहिल्या पावसाचं असतं. शिवाय आपला शेतकरी तेव्हा पेरणीत गुंतलेला असतो आणि आभाळ भरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी २१ जून निवडताना सर्वांत मोठा दिवस हेच कारण दिलं गेलं होतं, पण तो २०१५ पासूनचा.

सूर्य वळतो २१ला, मग युरोपात सण २४ला का?

हा घोळ रोमन लोकांचा. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये नवी दिनदर्शिका लागू केली. त्या काळी हिवाळ्यातला अयनदिन २५ डिसेंबर आणि उन्हाळ्यातला २४ जून असा धरायची रीत होती. पुढे चर्चने येशूचा जन्म २५ डिसेंबरला ठरवला. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात देवदूत येशूच्या आईला, मरियेला, सांगतो की तिच्या नात्यातल्या अलीशिबेला सहावा महिना चालू आहे. अलीशिबेचा मुलगा म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. तो येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा, म्हणून त्याचा जन्मदिवस २४ जून. एकाच्या जन्माला दिवस वाढू लागतात आणि दुसऱ्याच्या जन्माला घटू लागतात, हा योग ख्रिस्ती धर्मगुरूंच्याही नजरेतून सुटला नव्हता. "त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा" या योहानच्या वचनाचा संत ऑगस्टीनने सूर्याशी मेळ घातला आहे.

सीझरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा अकरा मिनिटांनी मोठं होतं, त्यामुळे शतकानुशतकं सूर्याची तारीख मागे सरकत राहिली आणि सण २४लाच थांबला. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने दुरुस्ती केली, पण ती इसवी सन ३२५ची परिस्थिती परत आणणारी होती, सीझरच्या काळची नव्हे. म्हणून सूर्य २१वर स्थिरावला आणि योहान आपला २४वर.

म्हणजे चर्चने पेगन सण पळवला, असंच ना?

इतकं सोपं नाही. वर सांगितलंच की २४ जून ही तारीख ख्रिसमसवरून मोजून आलेली आहे. मात्र त्या दिवशी लोक काय करत होते, याबद्दल चर्चच्याच तक्रारी शिल्लक आहेत आणि खरा पुरावा त्यांच्यातच सापडतो. आजच्या अल्जेरियात असलेल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) एका प्रवचनात चिडून सांगतो, की योहानच्या दिवशी ख्रिस्ती लोक समुद्रावर जाऊन डुबक्या मारतात आणि ही जुनी मूर्तिपूजकांची अंधश्रद्धा आहे. पुढे फ्रान्समधल्या नोयोंचा बिशप एलिगियस याच्या चरित्रात त्याचा उपदेश दिला आहे: संत योहानच्या सणाला अयनाचे विधी, नाच, उड्या आणि सैतानी गाणी कुणी करू नयेत. बंदी घालावी लागते याचा अर्थ लोक ते करत होते. पण बंदी घालणाऱ्याने तपशील फारसे दिलेले नाहीत, आणि नेमक्या त्या रिकाम्या जागेत पुढच्या लोकांनी कल्पनेचे मजले चढवले.

मग खरोखर जुनं काय म्हणायचं?

चार गोष्टी बिनधास्त जुन्या म्हणता येतील: आग, पाणी, वनस्पती आणि रात्रभर जागणं.

आगीचे उल्लेख भरपूर आहेत. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात जॉन मर्क नावाच्या धर्मगुरूने चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय, की योहानच्या रात्री तीन प्रकारच्या आगी पेटवतात: एक नुसत्या हाडांची, एक नुसत्या लाकडांची आणि एक दोन्हींची. हाडांच्या धुराच्या घाणीने हवेतले अजगर पळून जातात, असा समज होता. पेटतं चाक डोंगरावरून खाली सोडायची रीतही मध्ययुगातल्या इंग्लंड आणि जर्मनीत होती. चाक म्हणजे उतरणीला लागलेला सूर्य, असं स्पष्टीकरण त्याच काळातल्या एका मठवासीयाने दिलं आहे. आजही स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या गावी २३ जूनच्या रात्री ओकचे निखारे पसरून लोक अनवाणी त्यावरून चालतात, बहुतेक जण पाठीवर दुसऱ्या माणसाला घेऊन. फ्रान्स, स्पेन आणि अँडोरामधल्या पिरेनीज डोंगरातल्या मशालींच्या मिरवणुका २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या. नॉर्वेतल्या ओलेसुंडला लाकडी फळ्यांचा चाळीस मीटरांहून उंच मनोरा रचून तो वरून पेटवतात.

पाणी म्हणजे समुद्रस्नान, नदीत सोडलेले फुलांचे मुकुट आणि पहाटेचं दव. दवाने तोंड धुतलं की कांती उजळते, ही समजूत पोर्तुगालपासून लिथुआनियापर्यंत सापडते. वनस्पतींचं कारण व्यवहारी आहे: जूनच्या शेवटी बऱ्याच औषधी वनस्पती फुलावर असतात, तेव्हा तोडून वाळवल्या की वर्षभर पुरतात. त्या रात्री त्यांना जास्त गुण येतो, ही श्रद्धा त्यावर चढलेली.

इंग्लंडमधलं स्टोनहेंजचं प्राचीन दगडी वर्तुळ ड्रुइडांनी (केल्टिक लोकांच्या पुरोहितांनी) बांधलं आणि तिथे मिडसमर साजरं करायचे, हे खरं का?

बांधलं हे नक्कीच खोटं. मोठे सारसन दगड उभे राहिले इसवी सनापूर्वी २५००च्या आसपास. ड्रुइडांची पहिली सविस्तर माहिती सीझरच्या काळातली, म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षांनंतरची. दोघांची सांगड घातली ती सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने आणि अठराव्यात विल्यम स्ट्यूकलीने.

दगडांची मांडणी मात्र अयनाला धरून आहे, यात शंका नाही. पण तो अक्ष दुधारी आहे: एका टोकाला जूनमधला सूर्योदय, दुसऱ्या टोकाला डिसेंबरमधला सूर्यास्त. बांधणाऱ्यांना यातलं कुठलं टोक महत्त्वाचं वाटत होतं? तीन किलोमीटरांवर डरिंग्टन वॉल्स नावाची त्याच काळातली वस्ती खणली, तेव्हा डुकरांच्या हाडांचा खच सापडला. दातांवरून कळलं की बरीचशी जनावरं नऊ महिन्यांची असताना मारलेली होती. डुकरं वसंतात वितात. त्यात नऊ महिने मिळवा आणि मेजवानी ऐन हिवाळ्यात येते. म्हणजे आज हजारो लोक जूनच्या पहाटे जिकडे तोंड करून उभे राहतात, त्याच्या नेमकं उलट्या दिशेला जुन्या लोकांचं लक्ष असण्याची शक्यता जास्त. मला हा पुरावा फार आवडतो, कारण तो कुणाच्याच सोयीचा नाही.

आजची गर्दीही तशी नवीच. १९८५ मध्ये तिकडे निघालेल्या तांड्यांची आणि पोलिसांची मोठी धुमश्चक्री झाली, त्यानंतर कित्येक वर्षं अयनाच्या वेळी प्रवेश बंद होता. २००० पासून त्या रात्री आत मोकळेपणी जाता येतं.

"लिथा" हे या सणाचं मूळ पेगन नाव का?

बीड या इंग्रज मठवासीयाने ७२५ मध्ये जुन्या महिन्यांची नावं नोंदवली. त्यात जून-जुलैच्या महिन्यांचं नाव लिथा. महिन्याचं, सणाचं नाही. सणाला ते लावलं गेलं १९७०च्या दशकात अमेरिकेत. आठ सणांचं "वर्षचक्र"सुद्धा १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या विक्का (विसाव्या शतकातला नव-पेगन पंथ) आणि नव-ड्रुइड मंडळींनी जुळवलेलं आहे.

स्वीडनमधला तो फुलांनी मढवलेला खांब काय असतो?

मायस्तोंग. उंच खांबाला बर्चची पानं आणि फुलं गुंडाळतात, आडव्या दांड्याला दोन कडी लटकवतात, गावकरी काठ्यांनी रेटून तो उभा करतात आणि मग त्याभोवती लहानथोर सगळे बेडकांसारख्या उड्या मारत गोल फिरतात. बँकेतला साहेबही मारतो. हा खांब म्हणजे लिंगपूजेचं चिन्ह, असं हमखास वाचायला मिळतं. त्याला आधार काही नाही. खांबाची रीत मध्ययुगाच्या उत्तरार्धात जर्मनीकडून आली. तिकडे ती मे महिन्यातली. स्वीडनमध्ये मेमध्ये झाडांना धड पालवीसुद्धा नसते, म्हणून ती जूनवर गेली.

गंमत म्हणजे स्वीडनच्या बहुतेक भागात मिडसमरला शेकोटी नसते. ती ३० एप्रिलच्या रात्री होऊन गेलेली असते.

लग्नाच्या वयाच्या मुलींसाठी एक खेळ आहे: सात कुंपणं ओलांडत सात प्रकारची रानफुलं खुडायची, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि ती उशीखाली ठेवून झोपायचं. होणारा नवरा स्वप्नात येतो म्हणे.

सिनेमात दाखवतात तसे नरबळी किंवा म्हाताऱ्यांना कड्यावरून ढकलणं?

नाही. कड्याची कथा एका आइसलँडी सागेतली, म्हणजे जुन्या गद्यकथेतली, आहे, तीही विनोदी प्रसंग म्हणून येते. तशी प्रथा असल्याचा पुरावा नाही आणि मिडसमरशी तिचा संबंध तर मुळीच नाही.

डेन्मार्कमध्ये शेकोटीवर चेटकीण का जाळतात?

२३ जूनच्या संध्याकाळी डॅनिश लोक समुद्रकाठी शेकोटी पेटवतात आणि वर जुन्या कपड्यांत पेंढा भरलेली बाहुली बसवतात. ती जर्मनीतल्या ब्रोकेन डोंगरावर उडून जाते, असं मुलांना सांगायचं. शेकोटी जुनी आहे, पण बाहुली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीकडून आलेली. सतराव्या शतकात डेन्मार्कमध्ये चेटकिणी ठरवून खऱ्याच बायका जाळल्या गेल्या होत्या. म्हणून ही बाहुली नकोच, असं म्हणणारे आज तिथेही आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं.

एकच देश बघायचा तर कुठला?

लात्व्हिया. इथे याला सणवार म्हणणंही कमी पडेल. २३ जून म्हणजे लीगो, २४ जून म्हणजे यानी, दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. रीगा शहर रिकामं होतं आणि सगळे गावाकडच्या घरी. बायकांच्या डोक्यावर रानफुलांचा मुकुट, पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचा, तोही चांगला जाडजूड. दारांना, गाड्यांच्या बॉनेटला, गोठ्याला बर्चच्या आणि ओकच्या डहाळ्या. आग जमिनीवर तर असतेच, शिवाय उंच बांबूसारख्या खांबाच्या टोकावरही पेटवतात. तिचा उजेड जिथवर पडेल तिथवरचं शेत पिकेल, हा हिशोब. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत झोपायचं नाही. जो झोपला तो सगळा उन्हाळा पेंगणार.

खाणं म्हणजे बिअर आणि ओव्याच्या चुलत घराण्यातलं कॅरवे घातलेलं चीज. हे चीज घरीच करतात. दूध उकळीला येता येता त्यात दह्यापासूनचं ताजं चीज कुस्करून टाकायचं आणि हिरवट निवळी सुटेपर्यंत ढवळायचं. मग फडक्यात गाळून, गरम असतानाच त्यात लोणी, अंडी, मीठ आणि कॅरवे घालून मळायचं. गोळा चकचकीत दिसायला लागला की पुन्हा फडक्यात घट्ट बांधून वर वजन ठेवायचं. फडक्याच्या गाठीची खूण वरच्या बाजूला तशीच उमटते आणि त्यावरून घरचं चीज ओळखू येतं. पिवळं, गोल, सूर्यासारखं. हे चीज २०१५ पासून युरोपीय संघाच्या संरक्षित पारंपरिक पदार्थांत आहे.

पण खरा कणा गाण्यांचा. चार ओळींची लहान गाणी, प्रत्येक ओळीच्या शेवटी "लीगो, लीगो" ही टेक. एका घरची मंडळी दुसऱ्या घरी जातात आणि गाण्यातूनच टोमणे मारतात: तुमचं चीज पातळ, तुमची बिअर आंबट, तुमच्या शेतात नुसतं तण. यजमानाने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. ही गाणी आज आपल्यापुढे आहेत ती क्रिश्यानिस बारोन्स या माणसामुळे. त्याने बोटभर रुंदीच्या चिठ्ठ्यांवर गाणी उतरवून घेतली आणि ती लावण्यासाठी १८८० मध्ये मॉस्कोत खणाखणांचं एक कपाट करून घेतलं. १८९४ ते १९१५ या काळात पाठभेदांसह २,१७,९९६ गाणी छापली गेली. कपाट आता रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. २००१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतलं.

सोव्हिएत काळात, १९५९ नंतर, या सणाची सुट्टी काढून घेतली गेली आणि जाहीर साजरं करण्याला अटकाव झाला. लोकांनी गावाकडे जाऊन शेकोट्या पेटवल्याच. १९८०च्या दशकाच्या शेवटी सण पुन्हा उघडपणे सुरू झाला, तेव्हा तो शिकवावा लागला नाही. "यानी" हे नाव योहानवरूनच आलेलं आहे आणि पाहुण्याला ते ख्रिस्ती वाटतं. गाण्यांतला यानिस मात्र डोंगरावरून घोड्यावर बसून येणारा, पिकांची आणि गुरांची काळजी घेणारा कुणीतरी वेगळाच आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे लात्व्हियन माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आज कुणी या जुन्या धर्माचं पालन करतं का?

लिथुआनियात करतात. हा युरोपातला सर्वांत उशिरा, १३८७ मध्ये, ख्रिस्ती झालेला देश. १९६७ मध्ये केर्नावेच्या जुन्या टेकड्यांवर काही तरुणांनी "रासोस", म्हणजे दवाचा सण, पुन्हा साजरा केला. योनास त्रिन्कूनास त्यांच्यातले एक. त्यातूनच रोमुवा हा पंथ उभा राहिला. सरकारी मान्यतेसाठी त्यांना युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने मान्यता दिली. त्यांचा प्रत्येक विधी चौदाव्या शतकातून जसाच्या तसा आलेला आहे, असं म्हणता येणार नाही. बराचसा भाग लोकगीतांतून आणि गावच्या चालीरीतींतून पुन्हा जुळवलेला आहे.

इवान कुपाला, म्हणजे रशिया-युक्रेनकडचा योहानचा सण, जुलैमध्ये का असतो?

रशियन चर्च अजून सीझरची दिनदर्शिका वापरतं, ती तेरा दिवस मागे आहे. त्यामुळे त्यांचा २४ जून आपल्या ७ जुलैला येतो आणि शेकोट्या ६ जुलैच्या रात्री पेटतात. जोडपी हात धरून आगीवरून उडी मारतात. हात सुटले नाहीत तर संसार टिकणार. युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स चर्चने सप्टेंबर २०२३ पासून दिनदर्शिका बदलली, त्यामुळे तिथे आता तारीख २४ जूनच.

नेच्याचं फूल खरंच असतं का?

नेच्याला फुलं येत नाहीत, तो पानामागच्या बीजाणूंनी वाढतो. पण त्या एका रात्री तो फुलतो आणि ते फूल सापडलं की गुप्तधन दिसतं, असं बाल्टिक आणि स्लाव्ह लोक मानतात. ते शोधायला जायचं असतं दोघांनीच, रानात, रात्री. फूल सापडत नाही याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

सेंट जॉन्स वर्टच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात. घ्याव्यात का?

पिवळ्या फुलाची ही वनस्पती याच दिवसांत बहरते आणि कळी चिरडली की लाल रस निघतो, म्हणून तिला योहानचं नाव मिळालं. पूर्वी दारावर टांगायचे. हल्ली मरगळीवर घेतात, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, अवयवरोपणानंतरची सायक्लोस्पोरिन यांचा परिणाम ती कमी करते, आणि नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर घेतल्यास धोका होतो. "हर्बल आहे, काय होतंय" हे इथे चालत नाही.

गोव्याच्या सांजांवचा याच्याशी काही संबंध?

थेट संबंध आहे. तारीख तीच, २४ जून, संत तोच, योहान, आणला पोर्तुगिजांनी. खुद्द पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात त्या रात्री सार्डिन भाजतात आणि लोक एकमेकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या हातोड्या मारत फिरतात. गोव्यात पोचल्यावर सण ऐन पावसात सापडला आणि आगीपेक्षा पाण्याचा मान मोठा झाला. फुलं, पानं, वेली आणि जमेल ती फळं गुंफून केलेलं कोपेल डोक्यावर घालायचं, घुमट या वाद्याच्या तालावर घरोघर फिरायचं, "व्हीव्ह सांजांव" म्हणत भरलेल्या विहिरीत उडी टाकायची. मरियेचा आवाज ऐकून अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली होती, त्याची ही आठवण. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात जावई सासुरवाडीला येतो, त्याची तर सुटकाच नसते. शिवोलीला सजवलेल्या होड्या येतात, ते बघण्यासारखं असतं.

ऑगस्टीनची ती समुद्रातल्या डुबक्यांची तक्रार आठवत असेल. गोव्याची विहीर आणि हिप्पोचा समुद्र यांच्यात अखंड धागा आहे असा दावा मी करणार नाही, पण शिवोलीची विहीर त्याला नक्कीच खटकली असती.

आणि होळी?

संबंध जोडण्याचा मोह होतो, पण जोडू नका. होळी चांद्र तिथीची, फाल्गुन पौर्णिमेची, थंडी सरतानाची. मोसमाच्या हिशोबाने ती युरोपातल्या ईस्टरच्या शेकोट्यांना जवळची.

दक्षिण गोलार्धात काय करतात?

तिथे जूनमध्ये हिवाळा. ब्राझीलमध्ये पोर्तुगिजांनीच नेलेला सांजांव थंडीत मक्याचे पदार्थ आणि शेकोटीसह धूमधडाक्यात होतो. पेरूच्या कुस्कोमध्ये २४ जूनला होणारा इन्ती राय्मी हा इंका लोकांचा सूर्योत्सव. स्पॅनिश राजवटीत तो बंद पडला आणि आजचा नाट्यरूप सोहळा १९४४ पासूनचा आहे.

आम्ही स्वीडन-फिनलंडमध्ये नवीन आहोत. त्या दिवशी काय सांभाळायचं?

दोन्ही देशांत सण आता नेहमी शुक्रवार-शनिवारी येतो: स्वीडनमध्ये १९५३ पासून, फिनलंडमध्ये १९५५ पासून. मुख्य दिवस २० ते २६ जूनमधला शनिवार, पण स्वीडनमध्ये सगळी धमाल आदल्या शुक्रवारी. वाणसामान गुरुवारीच भरून ठेवा. बरीच दुकानं शुक्रवारी लवकर मिटतात आणि सरकारी दारूदुकान उघडतच नाही. शहरं ओस पडतात, बसगाड्या कमी धावतात.

जेवायला बोलावणं आलं तर टेबलावर मुरवलेला हेरिंग मासा असणारच. शाकाहारी असाल तर शेपू घातलेले नवे बटाटे, आंबट साय आणि स्ट्रॉबेरी यांवर पोट व्यवस्थित भरतं. आधी सांगून ठेवलं तर कुणी मनाला लावून घेत नाही. मुकुटासाठी रानफुलं तोडायला हरकत नाही, पण स्वीडनमध्ये सगळी ऑर्किड संरक्षित आहेत, त्यांना हात लावू नका.

फिनलंडमध्ये राष्ट्रध्वज आदल्या संध्याकाळी सहाला चढतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत, म्हणजे अख्खी रात्र, फडकत राहतो. तळ्याकाठी सॉना आणि शेकोटी, दोन्ही असतात. रान कोरडं पडलं असेल तर वणव्याच्या भीतीने शेकोटीला बंदी येते. दारू पिऊन होडीत बसू नका. त्या शनिवार-रविवारी तळ्यांत बुडालेल्यांचे आकडे तिथली वर्तमानपत्रं दरवर्षी छापतात.

आणि पाऊस आला तर?

येतोच. रेनकोट घालून बेडूकउड्या मारतात.